ऑगस्टमधल्या दोन मेरी

“ऑगस्टमधली बाळं इतकी कमी कशी झाली?” एलनने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

“ड्युप्लिकेट्स काढले,” मी ऐटीत सांगितलं.

एलन माझी बॉस. न्यू जर्सीतल्या एका रिसर्च ऑफिसात मी बायोस्टॅटिस्टिशियन होते, म्हणजे आजारांचे आकडे तपासणारी. २००४ च्या सुमाराची गोष्ट. आमच्यापुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, इंग्लंडमधल्या एका गिरण्यांच्या शहराचं मृत्यूचं रजिस्टर होतं. दर उन्हाळ्यात तिथली तान्ही बाळं जुलाबाने जायची. गल्लीतली घाण, माश्या, बाटलीतलं नासकं दूध. रजिस्टर टाइप करताना बऱ्याच नोंदी दोनदा आल्या होत्या, वर्षंही चुकली होती. म्हणून मी प्रोग्रॅमला सांगितलं, बाळाचं नाव, बापाचं नाव आणि गल्ली तीच असेल तर वर्ष बघू नको, एकच नोंद ठेव. याला डेटा क्लीनिंग म्हणतात. माझा हात त्यात साफ आहे अशी माझी समजूत होती.

शनिवारी काढून टाकलेल्या नोंदींचं प्रिंटआउट घेऊन मी वेस्ट विंडसरच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. समोर मेथी निवडत होती. तिची हयात शाळेत शिकवण्यात गेलेली, त्यामुळे कागद दिसला की तपासायचाच. तिने चष्मा लावला.

“ही मेरी दोनदा कशी गेली गं?”

“टायपिंगची चूक आहे.”

“एक सहा महिन्यांची, एक तीन. मध्ये दोन वर्षं. बहिणी असतील.”

“आई, गेलेल्या लेकराचं नाव पुन्हा कोण ठेवतं?”

“आपण नाही ठेवत. आपण दगडू ठेवतो, धोंडू ठेवतो, दृष्ट लागू नये म्हणून. तुझा दगडूमामा दोन लेकरं गेली त्यांच्या पाठीवरचा. यांनी तेच नाव परत ठेवलं असेल. आईच ती, काहीतरी करणारच.”

सोमवारी मूळ पानांचे स्कॅन काढले. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतही दोन्ही मेरी होत्या. एलन म्हणाली, “दॅट वॉज कॉमन देन. आय थॉट यू न्यू.” तेव्हा हे सर्रास चालायचं, तिला वाटलं मला माहीत असेल. मला वाटलं, यात विचारायचं काय! मी बाथरूममध्ये जाऊन रडले. जेमतेम एका ओळीपुरती उरलेली ती पोरं, आणि ती ओळही मी पुसली होती.

पुढे दोन आठवडे एकेक नोंद हाताने तपासली. पेपर लांबला. ऑगस्ट पुन्हा वर चढला. आलेख बरोबर आला याचा आनंद मात्र कुणालाच झाला नाही.

घरी येऊन आईला सांगितलं की बाळं परत रजिस्टरात घेतली. ती म्हणाली, बरं झालं. मग मी विचारलं, दगडूमामाच्या आधीच्या दोघांची नावं काय होती?



“ठाऊक नाही. घरात कोणी घेतलीच नाहीत कधी.”

ऑफिसात नवं कोणी आलं की मी एवढंच सांगते: सारखं नाव दिसलं की खोडू नका, आधी विचारा. विचारायला कोणी आहे तोवर.