गेटवरून येणारा फोन

म्हैस व्यायली की शेजारच्या गावातली एक म्हातारी लोटाभर चीक घेऊन नोएडातल्या आमच्या सोसायटीत येते. आपण चिकाचा खरवस करतो; ती तो चीक पार्किंगमधल्या एका खांबाशी वाहते. तिथं तिच्या शेताचा देव होता. कारखाना काढायचा म्हणून सरकारनं ते शेत घेतलं. कारखाना आलाच नाही, आमचे फ्लॅट आले.

गार्ड तिला हटकतो, "किसके घर जाना है?" बिचारी काय सांगणार? मीच एकदा तिला आमचा फ्लॅट नंबर पाठ करायला लावला. आता फोन येतो, "मॅडम, भेज दूँ?" मी हो म्हणते आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

शेत घेताना तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला आत सोडायचं का, हे मात्र दर खेपेला मला विचारतात.