मीठ, कोळसा आणि तांब्याचा पत्रा

एकोणीसशे एकोणसाठ साली सत्यवान पराडकर मालवण बंदराला पडावातून उतरला, तेव्हा त्याच्या एका हातात ट्रंक होती आणि काखेत गोणपाटात गुंडाळलेला तांब्याचा पत्रा होता. दीड हात लांब, दीड हात रुंद आणि वजनाला चांगला भक्कम. मुंबईहून येणारा माणूस खाऊ आणतो, लुगडं आणतो, फारच झालं तर भिंतीवरचं घड्याळ आणतो. ह्या गृहस्थाने पत्रा आणला! माडवाडीत पोचेपर्यंत त्याला निदान वीस जणांनी विचारलं असेल, "सत्या, ह्या काय रे?" आणि त्याने वीसही जणांना एकच उत्तर दिलं, "लागतला."

कशाला लागणार, ते सांगायचं तर आधी धोंडूचं सांगायला हवं. धोंडू आणि सत्यवान दोघेही खाडीकाठच्या ह्याच माडवाडीचे. गोदीजवळच्या एका कारखान्यात दोघे एकत्र कामाला होते, सत्यवान वायरमनच्या हाताखाली आणि धोंडू भोकं पाडायच्या मशीनवर. त्या मशीनपासून जमिनीत गेलेली एक तार लोकांच्या पायात यायची, म्हणून कोणी शहाण्याने ती तोडून टाकली. चार महिने काहीच झालं नाही. मग एका दिवशी मशीनच्या आतली वायर सोलवटली, वीज मशीनच्या अंगात उतरली आणि जमिनीत जायला दुसरी वाट नव्हती म्हणून धोंडूच्या अंगातून गेली. चोवीस वर्षांचा होता तो. पत्रा आणायच्या तीन वर्षं आधी धोंडूची ट्रंक घेऊन सत्यवान वाडीत आला, तेव्हा धोंडूची आई काशीबाई रडलीसुद्धा नाही. तिने एवढंच विचारलं, "त्याका राखूक थंय कायच नव्हता?"

"होता गे काकी," सत्यवान म्हणाला. "एक तार होती. ती कोणी तरी तोडल्यान."

ते वाक्य बोलताना त्याची त्यालाच लाज वाटली, आणि त्या लाजेतून तो शिकला. पुढची तीन वर्षं त्याने दुसऱ्या कशाचाच ध्यास घेतला नाही. वीज कुठून येते, कुठे जाते, वाट चुकली तर तिला कुठे न्यायचं, फ्यूजची बारीक तार आपण जळून बाकीच्यांना कशी वाचवते, हे सगळं त्याने हाताखाली राबून, शिव्या खाऊन डोक्यात भरलं. तांब्याचा पत्रा त्याने बोटी मोडणाऱ्या बाजारातून निवडून आणला होता. गावात वीज येईल तेव्हा पहिलं अर्थिंग, म्हणजे वाट चुकलेली वीज जमिनीत न्यायची सोय, ह्याच पत्र्याचं करायचं, असं त्याने ठरवलं होतं. गावात तेव्हा विजेचा पत्ता नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आणि चार वर्षांनी आली की वीज! खांब आले, तारा आल्या, मारुतीच्या देवळामागे दोन खांबांवर ट्रान्सफॉर्मर चढला. अकरा हजारांची वीज ह्या पेटीत शिरते आणि माणसाच्या कामाची होऊन बाहेर पडते, असं सत्यवानने सांगितलं, तेव्हा पोरंटोरं दिवसभर माना वर करून त्या पेटीखाली उभी राहिली. काहीच दिसत नव्हतं, फक्त गुणगुण ऐकू येत होती, पण हलायला कोणी तयार नव्हतं. सत्यवान तर आठ दिवस जमिनीवर चालतच नव्हता म्हणा ना.

काशीबाईची भातगिरण तेलाच्या इंजिनावर चालायची. ते इंजिन म्हातारं होऊन कायमचं बसलं होतं आणि वाडीतल्या बायका भात डोक्यावर घेऊन तरीतून खाडीपलीकडे जात होत्या. गिरणीला विजेची मोटर बसवू या, हे सत्यवानने काशीबाईला कसं सांगितलं असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक. ती पहिल्यांदा उठून आत गेली. दुसऱ्यांदा तिने त्याला चहा दिला, पण बोलली नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, "जेणी माझो झील नेल्यान, तेका मी घरात घेव?"

"घेवचा नसात तर घेव नको," सत्यवान म्हणाला. "पण घेतलंस, तर तुझ्या गिरणीत कोणाच्या केसाक धक्को लागाचो नाय. माझी जबान."

"मगे पयलो हात माझो," ती म्हणाली. "मशीन चालू करशीत तेव्हा लोखंडावर हात माझो आसतलो. वायट होवचा असात, तर माका होवंदे."

ही अट सत्यवानला मुळीच नको होती. पण जबान गेली होती.

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त ठरला. पाच हॉर्सपॉवरची मोटर आली, स्टार्टर बसला, फ्यूज लागले. राहिलं अर्थिंग. वैशाखाच्या तोंडाशी जांभा दगडाची ती जमीन भाजलेल्या विटेसारखी झालेली. अशा कोरड्या जमिनीत वीज सहज उतरत नाही. म्हणून खोल खड्डा खणायचा, त्यात पत्रा उभा करायचा, भोवती लाकडी कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे आणि वर पाणी ओतत राहायचं. मीठ आणि कोळसा ओल धरतात. सत्यवानने शिरोड्याहून मिठाची गोण मागवली आणि मुरायला तीन दिवस मिळावेत म्हणून तृतीयेच्या तीन दिवस आधी, भर दुपारी, गिरणीच्या कुंपणाला लागून खड्डा घेतला. सगळी वाडी जेवून आडवी झाली होती. सत्यवानने पत्रा उभा केला, त्याला जोडलेली जाड तार गिरणीपर्यंत नेली, कोळसा घातला, मीठ घातलं. आणि जमिनीत काही पुरायचं तर तसंच कसं पुरायचं, म्हणून सवयीने एक नारळ वाढवला आणि हात जोडून दोन शब्द पुटपुटला.

इथेच सगळा घोटाळा झाला. कारण सगळी वाडी झोपली होती, पण महादू झोपला नव्हता.

महादू म्हणजे काशीबाईचा धाकटा दीर, धोंडूचा काका. वाडीतल्या देवस्कीच्या, म्हणजे गाऱ्हाण्या-उताऱ्याच्या, कामात त्याचा शब्द शेवटचा. त्याने माडाच्या आडून काय पाहिलं? अमावास्या, भर दुपार, आपल्या वहिनीच्या कुंपणाची हद्द. एक माणूस एकटाच खड्ड्यात तांबं, कोळसा आणि मीठ पुरतोय, नारळ फोडतोय आणि काही तरी पुटपुटतोय! आता ह्याला करणी नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? माझी तरी त्याला दोष द्यायची हिंमत नाही. त्या जागी मी असतो, तर मीही पळत सुटलो असतो.

महादू पळाला नाही. वहिनीवर त्याचा फार जीव होता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने खड्डा उपसला, कोयत्याने तार तोडली, पत्रा आणि मीठ-कोळसा पाटीत भरून खाडीवर नेला आणि ओहोटीच्या पाण्यात भिरकावून मागे न बघता परत आला. खड्ड्यात त्याने उताऱ्याचा नारळ आणि लिंबू ठेवलं, माती लोटली, तारेचं तोंड त्या मातीत खुपसलं आणि वर पहिल्यासारखं सपाट केलं. ह्या गोष्टी बोलून दाखवल्या तर उलटतात, म्हणून तो कोणाशी चकार शब्द बोलला नाही. सत्यवान बिचारा रोज सकाळी येऊन त्या मातीवर दोन कळश्या पाणी ओतत होता.

तृतीया उजाडली. गिरणीला आंब्याची तोरणं लागली, भटजी आले, खांबांवर काम करणारा लाइनमन परशुराम इस्त्रीचा शर्ट घालून आला. काशीबाई नवं लुगडं नेसून भाताचं सूप हातात घेऊन उभी राहिली. सत्यवानने पिशवीतून त्याचा तपासायचा दिवा काढला. दिवा म्हणजे काय, होल्डरमध्ये एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक टोक जिवंत तारेला लावायचं, दुसरं अर्थिंगच्या तारेला. अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब लख्ख पेटतो.

बल्ब पेटला, पण लख्ख नाही. आतली तार नुसती लालसर झाली.

"पेटलो! पेटलो!" पोरं ओरडली. टाळ्या पडल्या.

"नाय," सत्यवान म्हणाला. "ह्येका पेटणा म्हणनत नाय."

"अरे, चलात रे," परशुराम त्याच्या कानाशी म्हणाला. "जमीन सुकी आसा. मुहूर्त टळता."

सत्यवानच्या कानशिलातून घाम निथळायला लागला. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्याने मोटरच्या जोडणीच्या डबीचं झाकण उघडलं, वायरी बाहेर ओढून पाहिल्या, परत आत कोंबल्या. सगळं ठीक होतं. भटजी घड्याळ बघत होते, मागे कुजबुज सुरू झाली होती. कोणी म्हणालं, ह्याला काही येत नाही. सत्यवान उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मशीन आज चालू होवचा नाय!"

भटजी काही बोलणार, तेवढ्यात काशीबाईने सूप खाली ठेवलं. "भटजीनू, तीजेक आख्खो दीसच मुहूर्त आसता. तेका बघूंदे."

सत्यवान तार धरून कुंपणापाशी गेला आणि कुदळ घातली. चार घावांत नारळ वर आला आणि मग लिंबू. पत्र्याचा पत्ता नव्हता! तो खड्ड्यात उभा राहून त्या लिंबाकडे बघत राहिला, आणि मग त्याचा जो आवाज चढला, तो म्हणे पलीकडच्या काठाला ऐकू गेला. "कोणी केल्यान ह्या? मेल्यानू, धोंडूची तार पण अशीच कोणी तरी तोडलेली!"

काशीबाईच्या तोंडाचा रंग उडाला. आणि गर्दीतून महादू पुढे आला.

"मी टाकलंय," तो म्हणाला. "माका वाटला, तू वयनीवर करणी केलंस. मीठ, कोळसो, तांबा... मी काय समजाचा होता रे?"

सत्यवानने ओरडायला तोंड उघडलं, पण तीन दिवसांपूर्वी ज्या डोळ्यांनी महादूने तो खड्डा पाहिला असेल, त्या डोळ्यांनी त्याने एकदा स्वतःलाच पाहिलं, आणि राग कुठल्या कुठे गेला. "पत्रो खंय टाकलास ता सांगा," तो म्हणाला.

"खाडयेत. मोठ्या खडपाकडे."

"भरती लागली!" मागून कोणी तरी ओरडलं.

मग जी पळापळ झाली! काष्टे खोचलेल्या बायका, धोतरं गुडघ्यावर घेतलेले म्हातारे, इस्त्रीच्या शर्टातला परशुराम, सगळे खाडीकडे. त्या मोठ्या खडकाभोवतीचा चिखल अजून उघडा होता, पण पाणी बोटाबोटाने चढत होतं. पुरुष हाताने चिखल ढवळत बसले. आनंदी नावाची बाई मात्र कमरेवर हात ठेवून सावकाश पाय दाबत चालत राहिली. तिचा जन्म त्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, काढण्यात गेला होता आणि तिच्या तळपायाला शिंपल्यातला आणि दगडातला फरक कळत होता. पाणी तिच्या पोटरीला लागलं. गुडघ्याला लागलं. सत्यवान काठावर नुसता येरझाऱ्या घालत होता.

"गावलो गो!" आनंदी किंचाळली, आणि महादूने तिच्या आधी पाण्यात मुंडी घालून तो पत्रा वर ओढला.

पत्रा आला, पण मीठ खाडीत विरघळलं होतं आणि कोळसा वाहून गेला होता. तेव्हा काशीबाई रस्त्यात उभी राहून म्हणाली, "ज्येच्या घरात मीठ आसा तेणी हाडा!" घराघरांतून वाट्या निघाल्या, बरण्या निघाल्या, चुलीतले विझवलेले कोळसे सुपांतून आले. ज्या मिठाला तीन दिवसांपूर्वी महादूने करणी मानलं होतं, ते आता बायका रांग लावून खड्ड्यात घालत होत्या. विहिरीवरून कळश्या हातोहात आल्या. तार नव्याने जोडली गेली. सत्यवानने पुन्हा दिवा लावला.

बल्ब असा पेटला की परशुरामने डोळ्यांवर हात घेतला. लोकांनी काय गलका केला म्हणता! सत्यवानने हसत हसत मोटरच्या डबीचं झाकण दाबून बसवलं, चार स्क्रू घाईघाईने आवळले आणि हाक मारली, "काकी, ये!"

काशीबाई पुढे झाली, पण महादू मध्ये उभा राहिला. चिखलाने पोटरीपर्यंत भरलेला, अंगातून पाणी गळणारा, अनवाणी. "वयनी, चूक माझ्या हातान झाली," तो म्हणाला. "पयलो हात आता माझो." आणि त्याने दोन्ही तळवे मोटरच्या अंगावर टेकले.

सत्यवानने स्टार्टर दाबला.

फट्! बोर्डावर निळा जाळ उडाला, फ्यूज गेला. बायका ओरडल्या. सत्यवानने मान वळवली, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर महादू नव्हता, धोंडू होता.

"काय झाला?" महादूने विचारलं. तो होता तिथेच उभा होता.

"तुमका... तुमका काय लागला?"

"माका? कायच नाय. कित्याक?"

सत्यवानने मेन स्विच पाडला आणि डबी उघडली. झाकणाच्या काठाखाली एक वायर चेंगरली होती, तिचं रबर कापलं गेलं होतं आणि आतलं तांबं लोखंडाला टेकलं होतं. ते झाकण त्याने स्वतः बसवलं होतं. वीज मोटरच्या अंगात उतरली होती, भिजल्या पायांच्या माणसाच्या तळव्याखाली. आणि सापडलेल्या पत्र्याच्या वाटेने जमिनीत गेली होती, जाता जाता फ्यूज जाळून. सकाळी लालसर दिव्यावर भागवून घेतलं असतं, तर त्या लोखंडावर काशीबाईचा हात असता.

तो मटकन खाली बसला. लपवता आलं असतं; एक परशुराम सोडला, तर वायरीतलं त्या गर्दीत कोणाला काय कळत होतं? पण तो म्हणाला, "ही चूक माझी. घायघायत झाकण मी लावलंय. काका, तुमी आज गेलेलात."

महादूने आधी त्याच्याकडे, मग कुंपणाजवळच्या खड्ड्याकडे पाहिलं. काशीबाई मात्र इतक्या वर्षांनी, सगळ्यांच्या देखत, ढसाढसा रडली. मग पदराने डोळे पुसून तिनेच दटावलं, "बसलंस काय? नीट कर आनि चालू कर."

दुपारी गिरण सुरू झाली. वाडी रात्रीपर्यंत तांदळाचा कोंडा अंगावर घेऊन हसत होती. सत्यवानने पुढे आयुष्यभर आसपासच्या वाड्यांत वायरिंग केलं, आणि अर्थिंगचा खड्डा कधीही चार माणसं बोलावल्याशिवाय, त्यांच्या हातून मीठ घातल्याशिवाय पुरला नाही.

महादूला त्या खड्ड्याचं काम कोणी दिलं नव्हतं. पण दर उन्हाळ्यात, रोज सकाळी, तो दोन कळश्या पाणी तिथे ओतायचा. हात जोडायचा आणि गाऱ्हाणं घालायचा, "माझ्या धोंडूक राखूक कोण नव्हता, ह्येंका राख रे बाबा." सत्यवान शेजारी उभा असला, तर तोही हात जोडायचा.