शुक्रवारची मोकळी जागा

इक्बालभाई मुकादमांची आणि माझी पहिली भेट झाली ती कुवेतमधल्या जाब्रियातल्या आमच्या रुग्णालयाच्या सर्व्हर रूममध्ये. लातूरहून नुकताच आलेला मी तिथल्या एसीत कुडकुडत होतो. "भायर येवढा ऊन, आन तू हितं गारठलास?" म्हणत त्यांनी अंगातला स्वेटर काढून मला दिला. तो मी अजून परत केलेला नाही आणि त्यांच्या साठीच्या निमित्तानेही करणार नाही.

मूळचे रत्नागिरीचे इक्बालभाई आमचा डेटाबेस वर्षानुवर्षे सांभाळत आले. रद्द अपॉइंटमेंट, जुन्या नोंदी पुसल्या तरी त्या नोंदींनी डिस्कवर अडवलेली जागा आपोआप परत मिळत नाही. "पावने गेले म्हणून गाद्या आपल्याआप गुंडाळतात काय?" असे ते विचारत. दर शुक्रवारी दुपारी, ओपीडी संध्याकाळपर्यंत बंद असताना, यंत्रणा थोडा वेळ थांबवून ती जागा आवरायची, ही शिस्त त्यांनीच घालून दिली. आधी बॅकअप, मग प्रत्येक वॉर्डाला स्वतः फोन. फोनवर कामाआधी सिस्टरच्या मुलाबाळांची चौकशी होई, त्यामुळे त्यांना कुणी नाही म्हणत नसे.

मध्यंतरी हे काम पुण्याच्या एका कंपनीकडे गेले. त्यांनी सुट्टीचा वार म्हणून बिनधास्त रविवार सकाळची वेळ लावली! कुवेतमध्ये रविवार म्हणजे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. ऐन गर्दीत यंत्रणा थांबली आणि रिसेप्शनवर हलकल्लोळ माजला. वैतागलेल्या मॅनेजरांनी ही आवराआवरच कायमची बंद करायला सांगितली. इकडे डिस्क काठोकाठ भरत आलेली. ती भरली असती तर सगळेच ठप्प झाले असते.

इक्बालभाई थेट मॅनेजरांकडे गेले. "सर, एक जुम्मा दे दीजिए. जिम्मेदारी मेरी."

"शाम की ओपीडी अटकी, तो आपका कॉन्ट्रॅक्ट खलास," मॅनेजर म्हणाले. इक्बालभाईंच्या धाकट्या मुलीचे कॉलेज तेव्हा अर्ध्यावर होते.

त्या शुक्रवारी बॅकअप तपासून, फोन आटोपून त्यांनी काम सुरू केले आणि घड्याळ बघून उठले. "मी नमाजाला जातंय."

माझी पाचावर धारण बसली. "आणि काही अडलं तर?"

"तू हायस ना? मग झाला!"

स्वतःची नोकरी माझ्या हाती सोपवून ते शांतपणे मशिदीत गेले. इतका विश्वास माझ्यावर घरच्यांनीही कधी टाकला नव्हता. ते परतले तेव्हा जागा मोकळी होऊन यंत्रणा सुरळीत चालू होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "जेवलास?" एवढेच विचारून मला सलव्यातल्या आपल्या घरी नेले. माझे शुक्रवारचे जेवण तेव्हापासून भाभींकडेच आहे.

इक्बालभाई, आता शुक्रवारचे काम मी बघतो. बॅकअप तपासतो, वॉर्डांना फोन करतो, मुलाबाळांची चौकशीही विसरत नाही. पण यंत्रांच्या तपासणीत एक आठवडा न चुकवणारे तुम्ही, स्वतःची तपासणी मात्र सतत पुढे ढकलत आला आहात. म्हणून भाभींनी आणि मी परस्पर डॉक्टरांची वेळ घेतली आहे. निमूट जा, ठणठणीत राहा आणि नातवंडांची लग्ने लावा. मध्ये कधी काही अडलेच, तर आम्ही आहोत ना? मग झालं!