खुळखुळा बंद, औषध चालू

औषध माझ्या चष्म्यावर उडालं आणि विहानच्या आजी म्हणाल्या, "बघितलात? तुमकापण सोडल्यान नाय!"

मी भांडुपला लहान मुलांची डॉक्टर आहे. इतक्या वर्षांत माझ्या अंगावर काय काय उडालंय ते इथे लिहिण्यासारखं नाही. अशा वेळी मी हसते. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. समोर पाच महिन्यांचा विहान होता आणि त्याचं वजन गेला महिनाभर जिथल्या तिथे होतं.

त्याला रिफ्लक्स होता. म्हणजे काय, तर अन्ननळी आणि पोट यांच्यामध्ये एक झडप असते. बाळांची ती ढिली असते, म्हणून दूध वर येतं. बहुतेक बाळं गुळणी टाकतात आणि पुन्हा हसायला लागतात. त्यांना औषध लागत नाही, कपडे धुवायला साबण लागतो. विहानचं तसं नव्हतं. वर येणाऱ्या ॲसिडने त्याला आत जळजळायचं. दोन घोट प्यायला की पाठीची कमान करून रडायचा आणि दूध सोडायचा. ॲसिड कमी करणारं औषध त्याला खरोखर हवं होतं आणि तेच तो घेत नव्हता.

"सोनाली, घरी हे देता कसं?" मी त्याच्या आईला विचारलं.

"दूध पाजून झालं की लगेच, मॅडम."

"अगं, मी आधी द्यायला सांगितलं होतं ना?"

तिने सासूबाईंकडे बघितलं. आजी ठामपणे म्हणाल्या, "रिकाम्या पोटी औषध? पोरग्याचा पोट जळात नाय?"

आपल्याकडे हे घराघरांत आहे. औषध म्हणजे जेवल्यावर. पण हे औषध दुधाआधी अर्धा तास दिलं तरच नीट काम करतं. भरल्या पोटावर कडू औषध गेलं की विहान औषधही ओकायचा आणि दूधही. वर आजी त्याला पसरलेल्या पायांवर आडवा घ्यायच्या, नाक दाबायच्या आणि बोंडल्याने औषध घशात ओतायच्या. मध चाटवलाय का, असंही मी विचारलं. आजी पदर सारखा करायला लागल्या, म्हणजे चाटवला होता.

मी चिडलेच. "वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही! आणि नाक दाबून औषध छातीत गेलं म्हणजे? वाट लागेल पोराची!"

आजींचं तोंड एवढंसं झालं. मला जरा वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

सोनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, हे नाहीच जमलं तर?"

तिच्यासमोरच मी आमच्या मोठ्या हॉस्पिटलच्या सरांना फोन लावला. सर मोजकं बोलतात. म्हणाले, "शनिवारपर्यंत बघ. वजन हललं नाही तर ॲडमिट कर. नाकातून नळी घालू, दूध आणि औषध दोन्ही त्यातून देऊ." नळी वाईट नाही, कित्येक बाळांना तिने तारलंय. पण ती घालताना बाळाला धरून ठेवावं लागतं, आणि नंतर तोंडाने प्यायला शिकवायला पुन्हा नाकीनऊ येतात. सोनालीने विहानला असं घट्ट धरलं की जणू नळी माझ्या खिशातच आहे.

तेवढ्यात विहानचा बाबा, नितेश म्हणाला, "मॅडम, घरी काय तमाशा होतो तो बघा तरी. व्हिडिओ काढलाय."

त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. व्हिडिओत आधी खुळखुळा वाजला. मग आजींचं बडबडगीत, मग नितेशच्या टाळ्या. औषध सगळ्यात शेवटी. बाळाचं लक्ष दुसरीकडे न्यायचं आणि पटकन ओतायचं, अशी सगळ्या घराची युक्ती.

सहज मी विहानकडे बघितलं. क्षणापूर्वी तो आईचं मंगळसूत्र चघळत होता. आता त्याच्या मुठी आवळलेल्या आणि ओठ गच्च मिटलेले. मोबाईलची स्क्रीन त्याच्याकडे नव्हती. बाटली टेबलावर माझ्या पर्समागे होती. त्याला दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

"नितेश, परत लाव."

मधे आम्ही जरा थांबलो. विहान सैल झाला, मंगळसूत्र परत तोंडात गेलं. व्हिडिओ पुन्हा लावला. खुळखुळा वाजला आणि तोंड फटकन बंद!

"आयला!" नितेश म्हणाला. आणि मग आजींकडे बघून जीभ चावली.

मलाही तेच म्हणायचं होतं. आमचा पठ्ठ्या औषधाला नव्हता घाबरत, तो खुळखुळ्याला घाबरत होता. घरात खुळखुळा वाजला की पुढे काय येतं हे त्याला पाठ झालं होतं. आणि मघाशी मी औषध देत असताना माझ्या पाठीमागे आजी काय करत होत्या? खुळखुळाच वाजवत होत्या.

मग मी सगळ्यांना औषध चाखायला लावलं. मी लिहून देते ते प्रत्येक औषध आधी स्वतः चाखते, ही माझी जुनी खोड. नितेशने "शी!" करून तोंड वेडंवाकडं केलं. विहानने बापाचं तोंड बघितलं आणि भोकाड पसरलं. "हे बघ," मी म्हटलं, "आता त्याला चाखायची गरजच नाही."

नियम सोपे ठरले. औषध दुधाआधी अर्धा तास, तेही स्वयंपाकघरात द्यायचं, जिथे आधी कधी दिलं नाही. बाळ मांडीवर, डोकं वर. बोंडलं बंद, बिनसुईची सिरिंज. पहिले दोन दिवस सिरिंजमधून आधी आईच्या दुधाचे थेंब, मग औषध गालाच्या आत थोडं थोडं, गिळलं की पुढचं, शेवटी परत दुधाचे थेंब. नाक दाबायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणी आवाज करायचा नाही. गाणं नाही, टाळ्या नाहीत, खुळखुळा कपाटात.

"म्हणजे मी गप रवू?" आजींनी विचारलं.

"हो."

"माझो नातू असा तो! आणि मी गप रवू?"

"आजी, नळी नको असेल तर गप्प."

त्या उठल्या, विहानच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर गेल्या. नितेश कुजबुजला, "मॅडम, आई गप्प? हे जमणार नाही हां."

दुसऱ्या दिवशी सोनालीचा व्हिडिओ आला. विहान सिरिंज धरून चोखतोय. मागे फ्रिजला टेकून आजी उभ्या, पदराचा बोळा तोंडावर. औषध गेलं, ओठांच्या कोपऱ्यातून एक ओघळ आला. आजींचे दोन्ही हात टाळीसाठी वर आले आणि तसेच हवेत थांबले. मी तो व्हिडिओ क्लिनिकमध्ये येईल त्याला दाखवला. पुढच्या व्हिडिओत तर विहान सिरिंज बघून आपणहून तोंड उघडत होता. कमान कमी झाली, मग दूध पोटात राहायला लागलं.

शनिवारी तिघं त्याला घेऊन आले. विहानला काट्यावर ठेवलं. तो पाय झाडत होता, आकडे नाचत होते. सोनालीने डोळे मिटून घेतले होते. आकडा थांबला. खात्री म्हणून मी विहानला उचलून परत ठेवलं. तोच आकडा.

"वाढलं गं!" मी ओरडलेच. "झकास वाढलं! नळी कॅन्सल!"

सोनाली रडायला लागली. नितेशने माझ्याशी हात मिळवला तो सोडेचना. सरांना फोन केला, ते म्हणाले, "गुड," आणि ठेवला. त्यांच्या हिशोबात हा सत्कारच. आजी मात्र भिंतीला टेकून उभ्या, पदर तोंडावर.

"आजी, आता बोला की."

त्यांनी पदर काढला. डोळे भरून वाहायला लागले. मग म्हणाल्या, "डॉक्टरीण बाय, आठवडाभर माझा पोट फुगला गो न बोलून."

यातून धडा काय? औषध कडू असतं हे बाळाला उशिरा कळतं, आपण आधी वर्दी देतो. लहान मुलांच्या औषधात निम्मा भाग मोठ्यांनी गप्प बसण्याचा असतो, आणि तो कुठल्याच केमिस्टकडे मिळत नाही.

आता विहान तपासणीला येतो तेव्हा आजी बाहेर बाकावर बसतात. माझ्या केबिनचं दार बंद असतं, तरी त्यांचा आवाज आत येतो. दुसऱ्या आज्यांना त्या खडसावून सांगत असतात, "पोराक औषध देतत ना? मगे गप रवा!"