हातचं न राखता

सौदीतल्या अल-खोबरच्या ज्या खाजगी कॉलेजात अब्बा स्टोअरकीपर होते, तिथेच मी शिकत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे तिथलं नेहमीचं काय आणि वेगळं काय, हे मला कळत नसे. डोक्याला हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल सगळ्याच कॉलेजांत असतो, असं मी बरेच दिवस समजत होतो. आमच्याकडे तो फक्त कोचमुळे होता.

कोच अमेरिकन. तिकडच्या कॉलेजांच्या टीम तयार करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. टीम हरली की नोकरी जायची आणि गाव बदलायचं. हे आपलं शेवटचं गाव, असं ते म्हणत.

मग परदेशी लोकांऐवजी सौदी लोक नेमायचा, सौदीकरणाचा नियम त्यांच्या जागेला लागला. एका सौदी तरुणाला तयार करायचं. तो तयार झाला की कोचचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढणार नव्हता.

अब्बा मला दुभाषी म्हणून कोचकडे घेऊन गेले. "सांग त्यांना, शिकवा, पण हातचं राखून. आमचे लोक असंच करतात. पुढे अडलं की बोलावतात परत."

मी चाचरत सांगितलं. कोच हसले. "अर्धा खेळ कसा शिकवायचा, ते वडिलांना विचार."

"येडा आहे," अब्बा म्हणाले. "हे नको सांगू."

कोचनी सगळं शिकवलं. मगरिबच्या नमाजासाठी खेळ थांबला की ते मैदानाच्या कडेला वाळूत बोटाने डाव काढून ठेवत. नमाज आटोपून तो तरुण तिथे येऊन बसे. मुलगा चांगला होता, कोचची बॅग उचलायचा. तो लवकर शिकला, बहुधा फारच लवकर. कोच गेले.

पुढच्या सत्रात अब्बांच्या जागेवरही माणूस आला. अब्बांनी त्याला सगळी कपाटं दाखवली, फक्त मागच्या खोलीतलं हेल्मेटांचं सोडून. "मॅचच्या दिवशी शोधतील," ते मला म्हणाले, "तेव्हा फोन येईल."

आम्ही रत्नागिरीला परतलो. अब्बा जेवतानाही फोन ताटाशेजारी ठेवत. माझं कॉलेज अर्धवटच राहिलं होतं. तिथल्या एका मित्राने कळवलं, आपला खेळ बंद झाला, कोचच्या जागी आलेला तो तरुण आता साधा फुटबॉल शिकवतो.

साध्या फुटबॉलला हेल्मेट लागत नाही. हे अब्बांना सांगायचं मी रोज ठरवतो. मग ते फोन चार्जिंगला लावतात, आणि प्लगचं बटण मी दाबतो.