आईनं टेपवर विचारलेलं
कपाटातल्या कॅसेटला डांबरगोळ्यांचा वास येतो. मस्कतहून तिच्यावर मुलांचे आवाज भरून आम्ही साकोलीजवळच्या गावी आईला पाठवायचो; आई त्याच कॅसेटवर उत्तर भरून परत पाठवायची. एकदा गावाकडे निघालेला माणूस दारात खोळंबला होता, म्हणून आईचं बोलणं न ऐकताच मी त्यावर मुलांची गाणी भरली. पुढच्या खेपेला आई विचारत होती, “बाबू, मी इचारलं त्याचं काय?” मी उत्तर भरलं, “हो आई, तुझ्या मनासारखं.” सुटीत गेलो, तर तिचं गाठोडं बांधलेलं. “मले तिकडं नेशीन का, म्हून इचारलं, तं तूच हो म्हणला ना!” तिच्या पासपोर्टचं मी काहीच केलं नव्हतं. एकटाच परतलो. आजीच गाव सोडेना, असं मुलांना सांगत आलो. आज मुलगी येणार आहे, तिला खरं सांगायचंय.