कूलर बंद करून ऐकलेला पियानो

माझ्या वडिलांनी माझं घर सोडलं ते माझ्यामुळे. लोकांना मात्र मी वर्षानुवर्षं सांगत आलो की बाबांना शहर मानवलं नाही. ते खोटं होतं. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी मी कूलर बंद करायचो आणि पियानोची रेकॉर्ड लावायचो. घडलं ते एवढंच. ऐकणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. मे महिन्यात नागपुरातल्या त्या खोलीत जो बसला असेल, त्याला वाटणार नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी सरकारी कचेरीत होतो. हुडकेश्वरच्या बाजूला नवे लेआउट पडत होते, तिथे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं घर बांधलं होतं. कामाचा ताण होता, वरून रक्तदाब निघाला. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या मी देतो, पण घरी गेल्यावर मन शांत होईल असं काहीतरी करा. बागकाम करा, नाहीतर संगीत ऐका." बागेला पाणी नव्हतं. त्याच सुमारास आमचे एक वरिष्ठ बदलून गेले आणि जाताना आपला रेकॉर्ड प्लेअर आणि पियानोच्या काही रेकॉर्डी मला देऊन गेले.

पहिल्यांदा रेकॉर्ड लावली ती साहेबांची वस्तू म्हणून. शेजाऱ्यांना ऐकू जावी म्हणून खिडकीही उघडी ठेवली. कव्हरावरची नावं मला धड वाचता येत नव्हती. पण आठ-पंधरा दिवसांत त्या वादनाची मला खरोखरच ओढ लागली. डावा हात खाली संथ चालत राहायचा, आणि वर एखादा सूर यायचा, थांबायचा, विरून जायचा. पुढचा सूर यायला वेळ लागायचा. त्या मधल्या जागेत माझे खांदे सैल पडायचे, जबडा सुटायचा, दिवसभराच्या फायली कुठेतरी मागे राहायच्या. अशी शांतता मी लहानपणी कधी पाहिली नव्हती. वडील खाप्याला, आमच्या गावी, हातमागावर बसायचे. आमचं घर म्हणजे माग आणि उरलेल्या जागेत आम्ही. पहाटेपासून दिवा लागेपर्यंत खटखट, खटखट. मी शिकलो तो त्या आवाजातच, आणि तो आवाज मला मनातून नकोसा होता.

आई गेल्यावर बाबांना मी इकडे आणलं. माग विकून टाकला होता. खाप्याला धाकटा भाऊ होता, तरी मीच हट्ट धरला की थोरल्याकडेच राहायचं. बैठकीत कूलरसमोर त्यांची खाट टाकली. लोखंडी कूलर, वाळ्याच्या ताट्या, आत पाण्याचा पंप. सुरू झाला की खोलीभर घरघर. बाबा त्यावर खूश होते.

"माग चालल्यावानी वाटते गा," ते म्हणाले होते. "झोप मस्त लागते."

मला नेमका तोच त्रास होता. पियानोचे मोठे सूर ऐकू यायचे, पण सुरांमधल्या त्या जागा कूलर भरून टाकायचा. म्हणून मी घरी आलो, चहा घेतला, की कूलर बंद. पंखा अगदी हळू. बायको स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची, कुकर माझी रेकॉर्ड संपल्यावर लावायची. मुलगी बाहेरच्या ओट्यावर अभ्यासाला जायची. बाबा ओला दुपट्टा खांद्यावर टाकून खाटेवर बसून राहायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काहून बंद केलं गा?"

"गाणं ऐकायचंय, बाबा. थोडा वेळ."

"तुह्या पेटीले हवा लागली की सर्दी होते का?"

रेकॉर्ड प्लेअरला ते पेटीच म्हणायचे. बायको आत हसली. मीही हसलो, पण कूलर सुरू केला नाही.

बाबांच्या छातीत कापसाचा बारीक भुगा बसलेला होता. मागावर जन्म काढलेल्या माणसाचा तो खोकला, मुद्दाम दाबता येत नाही. एका संध्याकाळी एक फार हळू वाजणारा भाग चालू होता. मी डोळे मिटून बसलो होतो. त्यांना उबळ आली आणि ती थांबेना. मी उठलो, सुई उचलली आणि म्हणालो, "बाबा, अर्धा तास तरी मला शांत बसू द्याल का?"

पाणी आणून दिलं नाही. हे वाक्य बोललो.

ते उठले आणि बाहेर गेले. मी सुई पुन्हा ठेवली. खोटं कशाला सांगू, बाकीची बाजू मी नीट ऐकली आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी यायच्या आधीच बाबा बाहेर पडू लागले. बायकोने मला सांगितलं, "तुमची स्कूटर यायची वेळ झाली की मामाजी चपला शोधतात. लक्षात आलं का तुमच्या?"

"हवा खायला जात असतील."

"मे महिन्यात? कोणती हवा आहे बाहेर?"

"फिरू दे ना. पाय मोकळे होतात."

"पाय मोकळे व्हायला त्यांनी माझ्याकडून कांदा मागून घेतला खिशात ठेवायला. लू लागू नये म्हणून. तुम्ही एक दिवस ती पेटी नका लावू."

"मग डॉक्टरांना काय सांगू?" मी म्हणालो. मी ऐकणार नाही हे तिला माहीत झालं होतं.

त्या आठवड्यातच शेजारचे गृहस्थ बाबांना धरून घेऊन आले. कोपऱ्यावरच्या अर्धवट बांधकामाच्या पायरीवर ते बसले होते, तिथेच घेरी आली. सूर्य बुडाला होता, तरी दगड तापलेलाच होता. बायको पन्हं करायला धावली. मी रेकॉर्ड बंद केली, कूलर लावला, आणि त्या परक्या माणसादेखत वडिलांना म्हणालो, "या वयात उन्हात भटकायची गरज काय होती? काही झालं असतं तर लोकांनी मला बोल लावला असता."

बाबांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मग शेजाऱ्याला म्हणाले, "आमचा पोरगा लय थकते जी. त्याले आराम लागते. म्हणून मीच जातो बाहीर."

मला सांभाळून घ्यायलाच ते हे बोलले. शेजाऱ्याला मात्र सगळं कळलं. तो मान खाली घालून निघून गेला.

चार दिवसांनी बाबा खाप्याला गेले आणि पुन्हा माझ्याकडे राहायला आले नाहीत. मी अडवलं नाही. बायकोने अडवलं, तर तिला म्हणाले, "येत जाईन वं." त्या संध्याकाळी बैठकीत खाट नव्हती. मी कूलर बंद केला आणि रेकॉर्ड लावली. पुढचे दोन उन्हाळे लावतच राहिलो. माणूस पश्चात्तापाने पोळला, त्याने ते संगीत सोडून दिलं, असं मला लिहिता आलं असतं तर बरं होतं. तसं झालं नाही. रक्तदाब उतरला. डॉक्टर खूश होते.

आणि कोणी विचारलं की मी सांगायचो, "बाबांना शहर मानवत नाही. गावची सवय ना." लोक माना डोलवायचे. हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं.

मग मुलगी मॅट्रिक झाली. जेवायला चार माणसं बोलावली, बाबाही खाप्याहून आले. नातीच्या डोक्यावरून हात फिरवत दुपारभर बसले, कूलरसमोर, खुशीत. कचेरीतले एक जण त्यांना म्हणाले, "राहा ना आता आठ दिवस. तुमचे चिरंजीव सांगतात, तुम्हाला शहर मानवत नाही."

बाबा म्हणाले, "असं सांगते का तो?"

ऊन कलायला लागलं तशी त्यांनी पिशवी उचलली. मुलगी आडवी आली. "आजोबा, राहा ना आज. आज बाबा पेटी नाही लावणार. मी सांगते त्यांना."

"लावू दे वं," ते म्हणाले. "त्याची पेटी लावायची वेळ झाली. मी तिच्या आधी निघतो."

पाहुण्यांसमोर हे झालं. कचेरीतले ते गृहस्थ ताटलीतला लाडू मोडत राहिले. बायको माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत रागसुद्धा उरला नव्हता.

मी बाबांना स्कूटरवर बसवून बसस्टँडवर नेलं. वाटेत बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. स्टँडवर ही गर्दी. खाप्याची बस लागलेली, इंजिन चालू. बाबांना खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभा राहिलो आणि खिडकीच्या गजाला धरून काहीतरी पुटपुटलो.

"काय म्हणून राहिला? जोरानं बोल ना," बाबा म्हणाले.

शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघत होती. मी ओरडूनच बोललो, "बाबा, तुम्हाला शहर मानवत नाही असं मी सगळ्यांना खोटं सांगितलं. तुम्हाला मी घालवलं. तुम्ही खोकत होता आणि मी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं. तुम्ही घेरी येऊन पडलात, तेव्हासुद्धा मी तुम्हालाच बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."